रस्त्याकडे तोंड असलेली इमारत

शाहूपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मला पहिली नोकरी लागली तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. ऑफिस पंपांच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर शेतकरी मोटारी दुरुस्तीला आणायचे, वर आम्ही बंगल्यांचे नकाशे काढायचो. मी गडमुडशिंगीहून लुनावरून यायचे. आमचं घर तिथल्या बौद्ध वस्तीत. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आईने माझं शिक्षण होईपर्यंत लोकांच्या शेतात तण काढत भांगलण केली. वस्तीतली पहिली आर्किटेक्ट म्हणून माझा सत्कार झाला, हार घातले, भाषणं झाली, आणि त्या दिवसापासून माझी भीती वाढली. ऑफिसात एखादी रेघ चुकली तरी वाटायचं, आता सगळ्यांना कळणार की हिला काही येत नाही.

सर मोठ्या शेतकरी घरातले. मनाने वाईट नव्हते. मोठ्याने बोलायचे, पटकन रागवायचे, तितक्याच पटकन चहा मागवायचे. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुरगूडच्या अलीकडच्या एका गावात बौद्ध वस्तीतल्या बायकांचं मंडळ होतं. त्यांना बालवाडी आणि शिवणवर्गासाठी इमारत हवी होती. युरोपातली एक संस्था खर्च करायला तयार झाली होती, आणि नकाशाचं काम आमच्याकडे आलं होतं. संस्थेचा आग्रह एकच होता, की इमारत तिथल्या मातीतली, तिथल्या परंपरेतली हवी. ते पाहायला त्यांच्याकडच्या एक अनुभवी आर्किटेक्ट बाई येणार होत्या.

"तू चल बरोबर," सर म्हणाले. "इंग्रजी तुझं बरं आहे. आणि वस्तीतल्या बायका तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील."

पहिल्या कारणाने मला बरं वाटलं. दुसरं टोचलं. तरी मी मान हलवली.

पाहुण्या बाई पन्नाशीच्या होत्या. उंच, केस पांढरे, आवाज मऊ. आल्या आल्या त्यांनी कोल्हापुरी चपला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पायाला फोड आले, तरी त्या सोडल्या नाहीत. आठवडाभर त्या आमच्या व्हॅनमधून गावोगाव फिरल्या आणि जुन्या घरांचे फोटो काढले. मग एका दुपारी ऑफिसातल्या खिडक्यांना चादरी लावून त्यांनी आम्हाला भिंतीवर स्लाइड दाखवल्या. त्या बोलत होत्या ते मला पटत होतं. कॉलेजात आम्हाला जे शिकवलं त्यातली बहुतेक घरं परदेशातली होती. आपल्याकडची घरं आम्ही परीक्षेपुरती वाचली. इथे एक परकी बाई सांगत होती की तुमच्या लोकांनी ऊन, पाऊस, गुरं, धान्य यांचा विचार करून घरं बांधली, ते ज्ञान आमच्या पुस्तकांनी टाकून दिलं, आणि ही चूक आहे. अंधारात बसून मला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही या धंद्यात काही जागा आहे.

मग एक स्लाइड आली. जाड मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, लाकडी खांबांची ओसरी, सारवलेलं अंगण. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागावं. बाई म्हणाल्या, "बघा, हे घर आत येणाऱ्याला नमस्कार करायला लावतं."

ते घर माझ्या ओळखीचं होतं. आमच्याच बाजूच्या गावातलं. आई त्या घरच्या रानात जायची, मी शाळेत जायच्याही आधी. संध्याकाळी आई वळचणीच्या बाहेर अंगणात उभी राहायची, मी तिच्या पदराला धरून. वरून तिच्या तांब्यात ताक ओतलं जायचं. भांड्याला भांडं लागू नये म्हणून ओतणारीचा हात उंच असायचा, आणि ताक आईच्या मनगटावर सांडायचं. आई हात झटकायची नाही. घरी येईपर्यंत तो हात तसाच चिकट असायचा.

स्लाइड बदलली.

घरी गेल्यावर आईला सांगितलं की मुरगूडकडे मातीची इमारत होणार आहे, जुन्या पद्धतीची. आई भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

"कुणाला पायजे हाय ती?"

"पाहुण्या बाईंना. त्या फार जाणकार आहेत."

"मग त्येंनी ऱ्हावं की त्यात," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मॉडेल मला करायचं होतं. पुठ्ठा, कापूस, शाडू वापरून मी ते केलं. उतरतं छप्पर, ओसरी, बुटकं दार, बाईंच्या स्केचप्रमाणे. काम चांगलं झालं होतं, सरांनीही तसं म्हटलं. पण दार कापताना माझी पट्टी दोनदा घसरली.

मंडळाबरोबरच्या बैठकीच्या दिवशी व्हॅन कागलमार्गे गेली. मी मागच्या सीटवर मॉडेल मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखं वाटत होतं की ते मोडलं तर बरं होईल. वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत, पंचशीलाच्या झेंड्याच्या कट्ट्याजवळ सतरंज्या घातल्या होत्या. बायका कामावरून येऊन बसत होत्या. मंडळाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे आक्का म्हणायचे. साठीला टेकलेल्या, अंगाने सडपातळ, आवाज खणखणीत. त्यांनी पाहुण्या बाईंना गूळ-पाणी दिलं आणि मला जवळ बसवून घेतलं.

बाईंनी अर्धा तास सांगितलं, मी मराठीत केलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग आक्का मॉडेलजवळ आल्या, खाली बसल्या आणि त्या पुठ्ठ्याच्या दाराला डोळा लावून आत बघितलं.

"ह्या दारातनं आत जायचं कसं?"

"जरा वाकून," मी म्हटलं.

"का वाकायचं?"

मी प्रश्न बाईंना सांगितला. बाईंनी मनापासून उत्तर दिलं. दार लहान असलं की आत गारवा राहतो. शिवाय ही इथली रीत आहे. "आमच्याकडे एका पिढीत आम्ही सगळी जुनी गावं पाडली," त्या म्हणाल्या. "आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी खोकी आहेत. ती बघून मला रडू येतं. आम्ही केलं ते तुम्ही करू नका." मी जसंच्या तसं मराठीत केलं.

आक्का मॉडेलपासून उठल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बाईस्नी सांग, त्यास्नी वाईट वाटतंय त्ये कळतंय आमाला. पर माझी आजी, माझी आय, मी, सगळी वाकूनच आत गेलो आन वाकूनच भाईर आलो. लोकांच्या दारात बी आन आमच्या बी. आता आमच्या नावानं कायतरी उभं ऱ्हातंय. त्येचं दार ताठ मानंनं जाता येईल असलंच पायजे. आन वर सिलॅब पायजे. मुरगूडच्या बँकंवर हाय तसला."

मागून एक बाई म्हणाली, "आन माती लिंपणार कोण दर वर्साला? बाई येणार हायत व्हय?"

बायका हसल्या. पाहुण्या बाईही हसल्या, काही न कळता, आणि माझ्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात सर माझ्या कानाशी आले. "एवढं सगळं सांगत बसू नकोस. सिमेंट जास्त आवडतं म्हणतायत, एवढंच सांग. बाकीचं मी बघतो."

मला ती वेळ आजही आठवते. एका बाजूला सर, ज्यांच्या हातात माझी नोकरी होती. समोर बाई, ज्यांच्या एका शब्दावर इमारत होणार किंवा जाणार. आणि बाजूला आक्का. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मी काय सांगते हे त्या माझ्या तोंडाकडे बघून ओळखणार होत्या, असं मला वाटलं. मी सगळं सांगितलं. ताठ मान हे इंग्रजीत नीट सांगता येईना, तेव्हा मी उभी राहिले, कमरेत वाकून दाखवलं आणि मग सरळ झाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आक्कांनी विचारलं, "त्येंचं घर कशाचं हाय?"

बाईंनी सांगितलं, दगडाचं, फार जुनं, शेतावरचं. दार बुटकंच आहे, कधी कधी डोकं आपटतं.

"मग वाकायला लावतंय व्हय त्येंना कोण?"

मी विचारलं. बाईंनी मान हलवली. नाही.

आम्ही व्हॅनने परत निघालो. मुरगूड रस्त्याला उसाच्या बैलगाड्या होत्या, सर हॉर्न देत होते. कागल यायच्या आधी बाईंनी मागे वळून मला विचारलं, "मी त्यांचा अपमान केला का?" मी नाही म्हणणार होते. तेच सोपं होतं. पण मी त्यांना त्या स्लाइडमधल्या घराबद्दल सांगितलं. वळचण, तांब्या, आईचं मनगट. सर ऐकत होते. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, ते रस्त्यावरच होते. माझं सांगून झालं तेव्हा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मला तो नको होता, पण मी हात काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मुंबईला निघून गेल्या. सर मला म्हणाले, "घरचं सगळं पाहुण्यांपुढं काढायचं असतं का? आता ते काम गेलं समज."

त्यांनी मला काढलं नाही. फक्त बंगल्यांच्या बाथरूमचे नकाशे दिले, आणि त्या गावाचा विषय बंद केला. नंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातले फार वाईट गेले. ऑफिसातल्या फॅक्सचा आवाज आला की मी उठून उभी राहायचे. रोज लुनावरून जाताना तेच डोक्यात फिरायचं. मी गप्प बसले असते तर मातीची का होईना, इमारत झाली असती. पोरं तिच्यात बसली असती. चाळीस बायकांच्या डोक्यावरचं छप्पर मी एका दुपारी, स्वतःचं दुःख सांगायच्या नादात, घालवलं का? जेवण जाईना. आईच्या लक्षात आलं, पण तिने विचारलं नाही. माझ्या ताटात मात्र ती जास्त वाढायची.

शेवटी एका रविवारी न राहवून मी एसटीने त्या गावी गेले. त्यांना सांगून टाकावं, आशेवर ठेवू नये, असं ठरवून. वस्तीत पोचले तर बायका कुदळी घेऊन खणत होत्या. पायाचा चर निम्मा झाला होता. ओढ्यातले दगड डोक्यावरून आणून बाजूला रचले होते.

"आक्का, अजून होकार आलेला नाही," मी म्हटलं. "येईल असं वाटतही नाही."

"येईल की."

"आणि नाही आला तर?"

"न्हाय आला तर खड्ड्यात पाणी साठंल. म्हशी बसतील," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा कुदळ उचलली.

मला हसू आलं नाही. मला वाटलं, हे दगड मी कुठे परत ठेवू.

होकार आला तो फोनवरून. सरांनी बराच वेळ इंग्रजीत हो हो केलं आणि मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला. पलीकडे बाई होत्या. आवाज लांबून, अडखळत येत होता. त्यांनी संस्थेत बरंच भांडण केलं होतं असं दिसलं. "आमच्या लोकांनी आमचे नकाशे जगभर लादले, हे मी आयुष्यभर शिकवत आले," त्या म्हणाल्या. "आणि मी स्वतः एक तयार मॉडेल घेऊन आले. फरक इतकाच की ते तुमच्याकडचं होतं." मग त्या म्हणाल्या, "पण स्लॅब तापणार. हे माझं मत नाही, ते ऊन आहे. पुढे सावलीची पडवी तरी करा, त्यांना विचारून." आणि नकाशा कागदावर काढायच्या आधी बायकांनी तो जमिनीवर आखावा, अशी त्यांनी विनंती केली. सरांना ते पोरकट वाटलं. तरी ते आले.

कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की मी नेली होती. बायकांनी खणलेल्या चराच्या आत-बाहेर, खऱ्या मापाने इमारत आखायला सुरुवात केली. कोणी आत जाऊन मांडी घालून बसलं, कोणी शिवणयंत्राच्या जागी पाट ठेवला. एक बाई आडवी झाली आणि म्हणाली, माहेरवाशिणी आल्या तर निजायला हवं. भांडणं झाली. एकीने दुसरीची रेघ पायाने पुसली. माझ्या मनातल्या नकाशात दार वस्तीच्या बाजूला होतं. मी ते मुद्दाम तिकडे ठेवलं होतं. रस्त्याच्या पलीकडे शेतकऱ्यांची आळी होती, आणि मला कोणाशी तंटा नको होता. आक्कांनी माझ्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं आणि रस्त्याच्या बाजूला रेघेत जागा सोडली.

"दार हितं."

आम्ही तिथे उभे असतानाच पलीकडच्या आळीतले, दूध संस्थेचे चेअरमन सायकलवरून आले. टोपी, पांढरा शर्ट, वयाने आक्कांएवढेच. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, रेघा बघितल्या आणि मला विचारलं, "पावणं, तुमी इंजिनेर व्हय?"

"हो."

"दार हिकडं कशाला काढताय? वस्तीकडं काढा की."

आक्का म्हणाल्या, "पोरं रस्त्यानं येणार. दार रस्त्यालाच पायजे."

"कुणाची पोरं?"

"ज्येची येतील त्येंची."

सगळ्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. चेअरमननी खाली बघितलं. मग म्हणाले, "उसाची ट्रॉली वळती हितं. पायरीला धडकून पोराला लागलं, तर मग आमच्या नावानं वरडू नका."

ही धमकी होती की काळजी, मला कळेना. मी घाबरत घाबरत म्हटलं, "ट्रॉली कुठपर्यंत येते, दाखवाल का?"

ते पुढे झाले आणि चपलेच्या टाचेने धुळीत एक वाकडी रेघ ओढत गेले, रस्त्याच्या कडेपासून आमच्या पायरीच्या आत हातभर. सायकल घेतली आणि गेले. आम्ही ट्रॉली येताना थांबून बघितलं. चाक बरोबर त्या रेघेवरून गेलं. जोत्याची रेघ मागे घेतली, दार तिथेच ठेवलं. तो माणूस मदत करायला आला होता की बजावायला, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही.

इमारत वर्षभराने उभी राहिली. स्लॅब ओतायच्या दिवशी मी काही खाल्लं नाही, आभाळाकडे बघत बसले. पाऊस आला नाही. उंच जोतं, दोन फळ्यांचं उंच दार, पुढे कौलांची पडवी. पाहुण्या बाईंची तब्येत बरी नव्हती, त्या आल्या नाहीत. त्यांनी फोटो मागवले. बायकांनी सगळ्यांनी मिळून स्लॅबवर उभं राहून फोटो काढला, त्यात चेहरे नीट दिसत नाहीत, पण आकाश खूप दिसतं.

आणि मग उन्हाळा आला. एप्रिलात मी पाहायला गेले तर आत भट्टी झाली होती. भिंतीला हात लावला तर भाजल्यासारखं झालं. पोरं सगळी पडवीत. स्लॅबवर बायकांनी उसाचं पाचट अंथरलं होतं आणि वरून पाणी मारत होत्या. पाणी वाळल्यावर एखादी बिडी त्यावर पडली तर काय होईल या विचाराने मला तिथे उभं राहवेना.

"तापतंय लई," आक्का म्हणाल्या. त्यात पश्चात्ताप नव्हता. "बाई खरं बोलत हुती."

"मग आता?"

"आता तू बघ की. तू हायस कशाला?"

ऑफिसात आले आणि सरांना सांगितलं. ते हसतील, किंवा 'मी सांगितलं होतं' म्हणतील, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाहूपुरीतल्या टाइल्सच्या दुकानांतून फुटक्या पांढऱ्या फरशांचा एक टेम्पो भरून त्या गावी पाठवला आणि मिस्त्री लावला. चुन्यात त्या फरशा बसवल्या, स्लॅब पांढराशुभ्र झाला. आत बसता येऊ लागलं, दुपारची वेळ सोडून. व्हॅनमधल्या त्या दिवसाबद्दल सर पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं बालवाडीत फक्त वस्तीतली पोरं होती. मी गेले की सतरंजीवर बसलेली तोंडं न्याहाळायचे आणि विचारायचं टाळायचे. आक्कांना ते कळायचं. त्या म्हणायच्या, "आपली पोरं शिकत्यात न्हवं? मग?" मला मात्र ते पुरत नसे. रस्त्याकडे एवढं दार काढून आपण वस्तीला उघड्यावर तर पाडलं नाही ना, असं वाटायचं.

पुढे मी नोकरी सोडली, शाहूपुरीतच छोटं ऑफिस थाटलं. मोबाईल आले. एका सकाळी आक्कांचा फोन. "भिंत जरा फोडलीया. सवड मिळाली तर बघून जा."

"कुठली भिंत?"

"मागली. गिरण आणलीया दळपाची. आत शिरत नव्हती."

मागची भिंत स्लॅबचा भार घेणारी होती. मी तशीच निघाले. त्या प्रवासात माझ्या डोळ्यांपुढे ढिगाऱ्याखालची पोरंही आली. पोचले तर भिंतीत बैलगाडी जाईल एवढं भगदाड, वर स्लॅबला एक बारीक चीर, आणि खाली पोरं पाढे म्हणत बसलेली. मी ओरडूनच सगळ्यांना बाहेर काढलं. वासे, बल्ल्या, जे मिळेल ते स्लॅबखाली टेकू म्हणून लावलं. माझ्याने दोरीची गाठ बसेना, ती आक्कांनी मारली.

"मला विचारायचं नाही का आधी?" मी म्हटलं. मी इतकी चिडलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

"इचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून न्हाय इचारलं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "शिवणवर्ग कुणी करीना झालंय, पोरी. कपडे समदी रेडीमेड घेत्यात. दळाप तर रोजचंच हाय."

मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. शिवणयंत्रांसाठी मी त्या खोलीच्या खिडक्या किती विचार करून ठेवल्या होत्या. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि इमारत त्यांची होती. दोन दिवसांत भगदाडावर लोखंडी गर्डर बसवला, चीर भरली, बल्ल्या काढताना प्रत्येक बल्लीला मी श्वास धरला. स्लॅब जागचा हलला नाही. गिरण सुरू झाली.

आता नवी काळजी. गावातली दुसरी गिरण बंद पडली होती, दळायला लोकांना मुरगूडला जावं लागायचं. तरी आळीतल्या बायका इथे येतील का? गिरणीत एकाचं दळण संपलं तरी थोडं पीठ आत राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतंच. ते टाळता येत नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पहिले काही दिवस वस्तीतल्याच बायका आल्या.

गर्डर तपासायला मी पुन्हा गेले, तेव्हा पडवीत डबे घेऊन रांग होती. त्यात एक तरुण बाई होती, डोक्यावर पदर, कमरेवर ज्वारीचा डबा. चेअरमनची सून, असं मला कोणीतरी हळूच सांगितलं. तिच्या पुढे वस्तीतली एक म्हातारी होती. म्हातारीचं दळण संपलं, आक्कांनी सुनेचा डबा घेतला आणि वर ओतला. पट्टा फिरत होता, मशीन धडधडत होतं. रिकाम्या डब्यात सुरुवातीचं पीठ पडलं, ते म्हातारीच्या ज्वारीचंच असणार. मी त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिने बघू नये म्हणून गर्डरकडे बघितल्यासारखं करत होते. तिने डब्यात हात घातला, चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळलं.

"आक्का, जरा बारीक करा की," ती म्हणाली. "भाकरी थापताना चिरती."

आक्कांनी चाक फिरवलं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. भिंत थरथरत होती. मिस्त्री म्हणाला होता, मशीन चालू असलं की एवढी थरथरणारच. तरी मी रांग संपेपर्यंत तिथून हलले नाही. संध्याकाळच्या एसटीने घरी आले तेव्हा माझ्या केसांत आणि भुवयांत पीठ होतं. आईने दारातच अडवलं आणि तोंड धुवायला लावलं.